आठ तासांचे सहा करताना

१ जानेवारी १९१२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील मुले यांच्या कामाचे आठवड्याचे तास कायद्याने ५६ वरून ५४ वर आणले गेले. लॉरेन्स या कापडगिरण्यांच्या शहरात या सवलतीचे स्वागत व्हायला हवे होते. पण ११ जानेवारीला पगाराची पाकिटे उघडली तेव्हा त्यांत सुमारे ३२ सेंट कमी निघाले आणि मागांवर काम करणाऱ्या स्त्रिया काम टाकून बाहेर पडल्या. पुढच्या काही दिवसांत वीस हजारांहून अधिक कामगार संपात उतरले, आणि तो संप पगारवाढ पदरात पडल्यावर मार्चमध्ये मिटला. तास कमी झाल्याबरोबर कामगारांनी संप पुकारावा, हे वरवर पाहता विचित्र वाटते. पण तास कमी करणाऱ्या कायद्याने पगाराविषयी काहीच म्हटले नव्हते, आणि जे लिहिलेले नव्हते ते गिरणीमालकांनी आपल्या सोयीने ठरवून टाकले होते.

कामाचा दिवस आखूड करू पाहणाऱ्याने हा प्रसंग आधी समजून घ्यावा. कामाचे तास, पगार, कामाचा वेग आणि माणसांची संख्या या चार गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या आहेत. त्यांपैकी एक ओढली की दुसरी कोणती तरी सरकतेच. कोणती सरकणार आहे हे आधी ठरवून कागदावर उतरवले नाही, तर ती आपोआप सरकते, आणि बहुधा ज्याची बाजू लंगडी असते त्याच्या अंगावर येते. हे मार्गदर्शन मुख्यतः अशा लोकांसाठी आहे, ज्यांच्या हाती एखाद्या कार्यालयाचे, कारखान्याचे किंवा सेवाकेंद्राचे वेळापत्रक आहे, अथवा जे कामगारांच्या वतीने अशा वेळापत्रकाविषयी बोलणी करतात. सोयीसाठी येथे आठ तासांचे सात किंवा सहा तास करण्याचा विचार केला आहे. हिशेबाची पद्धत कोणत्याही आकड्यांना लागू पडते.

आठ तास आले कोठून

आठ हा आकडा निसर्गाने ठरवून दिलेला नाही. ब्रिटनमधील कारखानदार रॉबर्ट ओवेन यांनी १८१७च्या सुमारास दिवसाचे तीन समान भाग करावेत, म्हणजे आठ तास काम, आठ तास मनोरंजन आणि आठ तास विश्रांती असावी, अशी मांडणी केली, तेव्हा बारा-चौदा तासांचा दिवस सर्रास होता. न्यूझीलंडमध्ये १८४० साली सॅम्युअल पार्नेल नावाच्या सुताराने आठ तासांपेक्षा अधिक काम करणार नाही, या अटीवरच काम पत्करले. सुतार मिळणे दुर्मीळ असल्यामुळे ती अट मान्य झाली. मेलबर्नच्या पाथरवटांनी २१ एप्रिल १८५६ रोजी काम थांबवून मोर्चा काढला आणि पगार न कापता आठ तासांचा दिवस मिळवला. अमेरिकेत १ मे १८८६ रोजी याच मागणीसाठी देशव्यापी संप झाला, आणि त्याच्या स्मृतीतून पुढे मे दिन रूढ झाला. १९१९ साली स्पेन आणि फ्रान्स यांनी आठ तासांचे कायदे केले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली.

हा क्रम पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. ओवेन यांच्या मांडणीपासून त्या करारापर्यंत शंभर वर्षे गेली, आणि त्या शतकात यंत्रे कितीतरी पटींनी सुधारली. तरीही केवळ यंत्र सुधारले म्हणून दिवस आखूड झाला, असे सहसा घडले नाही. उलट, गॅसच्या आणि पुढे विजेच्या दिव्यांमुळे रात्रीही काम चालवणे शक्य झाले. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली असा अंदाज वर्तवला होता की शंभर वर्षांनी आठवड्याला पंधरा तास काम पुरेसे होईल. उत्पादकतेच्या वाढीविषयी त्यांचा तर्क फारसा चुकला नाही. वाढलेली उत्पादकता आपोआप फावल्या वेळात उतरेल, हे मात्र खरे ठरले नाही. म्हणूनच नवे सॉफ्टवेअर आणले की तास कमी होतील, या आशेवर आजही कोणी विसंबून राहू नये.

पहिली पायरी : काम कोणत्या जातीचे आहे ते ओळखणे

तास कमी केल्यावर काय होईल, हे कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते, आणि एकाच इमारतीत तीन वेगवेगळ्या स्वरूपांची कामे चाललेली असू शकतात. त्यामुळे संपूर्ण संस्थेसाठी एकच उत्तर शोधण्याऐवजी प्रत्येक विभागाची स्वतंत्र पाहणी करावी.

पहिल्या जातीच्या कामाचा वेग माणसाच्या हातावर आणि अवधानावर ठरतो. हिशेब, लेखन, आरेखन, दुरुस्ती, बारीक जोडकाम ही या जातीची उदाहरणे होत. येथे थकवा हा खर्चाचाच एक भाग असतो, फक्त तो खतावणीत दिसत नाही. जर्मनीतील येना येथे त्साइस कारखान्याचे एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि नगामागे मजुरी मिळणाऱ्या २३३ कामगारांचा आदल्या व नंतरच्या वर्षाचा हिशेब ताडून पाहिला. तासागणिक काम सुमारे १६ टक्क्यांनी वाढले होते, म्हणजे एक तास कमी होऊनही दिवसभराचे काम थोडे अधिकच भरले. आबे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचे स्पष्टीकरण एखाद्या जमाखर्चासारखे आहे : दिवसाचा थकवा रात्रीच्या विश्रांतीत पुरता भरून निघाला नाही तर रोज थोडी तूट मागे राहते आणि ती साचत जाते.

दुसऱ्या जातीच्या कामात वेग यंत्र ठरवते. भट्टी, रसायनाची टाकी, सतत चालणारा पट्टा यांना माणूस ताजातवाना आहे की दमलेला, याच्याशी कर्तव्य नसते. येथे तास कमी करण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे पाळ्या वाढवणे. लंडनच्या बेक्टन गॅस कारखान्यातील कामगारांनी विल थॉर्न यांच्या नेतृत्वाखाली १८८९ साली बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या मिळवल्या. फोर्ड मोटर कंपनीने जानेवारी १९१४मध्ये नऊ तासांच्या दोन पाळ्या मोडून आठ तासांच्या तीन पाळ्या सुरू केल्या. पाच डॉलरच्या रोजामुळे तो निर्णय गाजला. पण यंत्रे दिवसाला अठराऐवजी चोवीस तास चालू लागली, ही त्यातली कारखानदाराच्या फायद्याची बाजू सहसा सांगितली जात नाही. महाग यंत्रसामग्री असलेल्या ठिकाणी हाच मुद्दा सर्वांत जास्त कामी येतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे टोयोटाच्या दुरुस्ती केंद्राने सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या सुरू केल्या, तेव्हा केंद्र दिवसात अधिक वेळ उघडे राहू लागले आणि त्याच जागेत, त्याच यंत्रांवर अधिक गाड्या हाताळता आल्या.

तिसऱ्या जातीत माणसाची उपस्थिती हेच काम असते. रुग्णांची शुश्रूषा, पहारा, खिडकीवरची सेवा, तक्रारींचे दूरध्वनी ही कामे कितीही उत्साहाने केली तरी दुपारी चारला खुर्ची रिकामी राहिली तर काम झाले नाही, असेच म्हणावे लागते. गोथेनबर्गमधीलच स्वार्टेडालेन या नगरपालिकेच्या वृद्धसेवागृहात फेब्रुवारी २०१५ ते २०१६अखेर सुमारे ६८ शुश्रूषा कर्मचाऱ्यांना पूर्ण पगारावर सहा तासांची पाळी देण्यात आली. आजारपणाच्या रजा घटल्या, वृद्धांबरोबरचे उपक्रम वाढले. पण रिकाम्या तासांसाठी सतरा माणसे नव्याने घ्यावी लागली, सुमारे १ कोटी २० लाख क्रोनर खर्च आला, आणि प्रयोग पुढे चालवला गेला नाही. हा प्रयोग फसला असे म्हणण्यापेक्षा, त्याने अशा कामाची खरी किंमत उघड केली, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. ज्यांना ही किंमत परवडणार नाही, त्यांनी तिसऱ्या जातीच्या विभागाला पहिल्या जातीची आश्वासने देऊ नयेत.

दुसरी पायरी : साधे गणित

आठचे सहा करणे म्हणजे वेळेत २५ टक्के घट. पण तेवढेच काम निघायचे असेल तर तासाचे काम २५ टक्क्यांनी नव्हे, तर ३३.३ टक्क्यांनी वाढावे लागते. आठचे सात करताना हाच आकडा १४.३ टक्के येतो, आणि आबे यांच्या नवाचे आठ करण्याला १२.५ टक्के पुरेसे होते. हे आकडे पाहिल्यावर काहींचा उत्साह मावळतो, आणि तो प्रयोगाच्या आधी मावळलेला बरा. सात तास हे पहिल्या जातीच्या बहुतेक कामांत गाठण्यासारखे उद्दिष्ट आहे. सहा तासांसाठी कामाची मांडणीच नव्याने करावी लागते, किंवा काही काम सोडून द्यावे लागते, किंवा माणसे वाढवावी लागतात.

उपस्थितीच्या कामासाठी हिशेब वेगळा आहे. एखादी जागा अहोरात्र भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. माणशी ४० तास धरले तर त्या एका जागेसाठी ४.२ माणसे लागतात. ३० तास धरले तर ५.६. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण यांसाठी राखीव माणसे यावर वेगळी धरावी लागतात. हा फरक पगारखर्चात मांडून त्यासमोर जादा कामाचा सध्याचा भत्ता, बदली माणसांवरचा खर्च आणि माणसे सोडून गेल्यामुळे होणारा भरतीचा खर्च लिहावा. पुष्कळ ठिकाणी तफावत राहतेच, पण पहिल्या अंदाजापेक्षा ती लहान निघते.

पगाराचे गणितही शेवटच्या रुपयापर्यंत करावे. अमेरिकेतील बॅटल क्रीक येथे केलॉग कंपनीने १ डिसेंबर १९३० रोजी मंदीच्या काळात आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या सुरू केल्या, आणि सुरुवातीला तासाचा दर १२.५ टक्क्यांनी वाढवला. हे उदार वाटते; पण सहा तासांना वाढीव दराने गुणले तर जुन्या दराच्या पावणेसात तासांची कमाई होते, म्हणजे रोजच्या मिळकतीत पंधरा टक्क्यांहून अधिक घट. अधिक माणसांना काम मिळावे म्हणून कामगारांनी ती तेव्हा पत्करली. संपूर्ण पगार राखायचा असेल तर तासाचा दर ३३.३ टक्क्यांनीच वाढला पाहिजे, आणि तासावर मजुरी घेणाऱ्यांच्या बाबतीत ही वाढ नेमणूकपत्रात लिहून द्यावी लागते.

तिसरी पायरी : तास कमी करण्याआधीची मोजणी

निदान आठ आठवडे काहीही न बदलता केवळ नोंदी ठेवाव्यात. किती काम पूर्ण झाले, किती परत आले किंवा दुरुस्त करावे लागले, किती तक्रारी आल्या, किती रजा पडल्या, किती जादा काम झाले आणि लोक प्रत्यक्षात किती वाजता निघाले, एवढे पुरे. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. जेथे कागदावर आठ आणि प्रत्यक्षात साडेनऊ तास काम चालते, तेथे कागदावरचे आठ पुसून सहा लिहिल्याने काहीच साधणार नाही; अशा ठिकाणी पहिले काम आठ तास खरे करण्याचे आहे. ही मोजणी माणसावर पाळत ठेवण्यासाठी नाही, हे सांगून आणि विभागवार एकत्रित आकडेच जाहीर करून भीती घालवावी, नाहीतर नोंदी सोयीच्या लिहिल्या जातील.

चौथी पायरी : दिवसातून काय काढायचे

येथे बहुतेक जण घाई करतात. वेळ कमी केला की लोक आपसूक वाटा शोधतील, असे गृहीत धरले जाते, आणि मग शोधलेली वाट म्हणजे धावपळ ठरते. कोणता तास जाणार, हे नाव घेऊन सांगता आले पाहिजे. विल्यम मॅथर यांच्या सॅल्फर्ड लोखंडी कारखान्यात १८९३-९४ साली वर्षभर आठवड्याचे ५३ तासांचे ४८ तास करून पाहिले, तेव्हा न्याहारीपूर्वीची पहाटेची पाळीच काढून टाकण्यात आली. उपाशीपोटी, अंधारात उरकलेले ते काम कमी प्रतीचे होते आणि उशिरा येण्याचे प्रमाणही त्याच वेळी जास्त होते. वाया जाणारा वेळ घटला, उत्पादन टिकले, आणि १८९४ साली ब्रिटिश सरकारने आपल्या शस्त्रागारांत व गोद्यांत ४८ तासांचा आठवडा स्वीकारला. आपल्या ठिकाणची ‘पहाटेची पाळी’ कोणती, हा प्रश्न प्रत्येक विभागाने स्वतःला विचारावा.

कार्यालयांत ती बहुधा बैठकांत सापडते. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे अडीच हजार सार्वजनिक कर्मचाऱ्यांचे आठवड्याचे ४० तास पगार न कापता ३५-३६ वर आणले गेले, तेव्हा बैठका कमी आणि आखूड करणे, काहींच्या जागी ईमेल वापरणे, कामांची पुनर्वाटणी करणे, पाळ्यांची फेरमांडणी करणे असे अगदी साधे उपाय योजले गेले. याला पुढील गोष्टींची जोड देता येईल : रोज दोन सलग तास कोणी कोणाला प्रश्न विचारायचा नाही, एका स्वाक्षरीने भागते तेथे तीन घ्यायच्या नाहीत, कोणी वाचत नसलेला अहवाल एक महिना पाठवू नये आणि कोणी विचारतो का ते पाहावे. शेवटच्या उपायाने अनेक अहवाल कायमचे सुटतात, असा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. चहाच्या वेळचे बोलणे, नवशिक्याला शेजारी बसवून शिकवणे, पाळी बदलताना पुढच्या माणसाला नीट सांगणे, या गोष्टी रिकामटेकड्या दिसतात, म्हणून त्यांवर पहिली कात्री चालते. पाळ्या तीनच्या चार झाल्या की काम सोपवण्याचे प्रसंगही तीनचे चार होतात. त्यांसाठी दहा-पंधरा मिनिटांचा, पगारी वेळ ठेवावा. मधल्या सुट्टीचाही पुन्हा विचार करावा लागतो. सलग सहा तासांच्या पाळीत तासाभराची सुट्टी अनावश्यक वाटू शकते, पण ती पूर्णच काढणे शरीराला झेपत नाही, आणि किती तासांनंतर सुट्टी द्यावी याविषयी कायद्याचे बंधन असू शकते. युरोपीय संघात, उदाहरणार्थ, दिवस सहा तासांहून मोठा असल्यास सुट्टी देणे सक्तीचे आहे.

पाचवी पायरी : कागदावर उतरवण्याच्या गोष्टी

पगार कमी होणार नाही, हे वाक्य पहिले. हे उघड आहे असे समजून सोडू नये. अमेरिकेच्या काँग्रेसने १८६८ साली सरकारी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला, तेव्हा काही खात्यांनी तासांच्या प्रमाणात मजुरीही कापली. शेवटी १९ मे १८६९ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना मजुरी कापू नये असे स्वतंत्र फर्मान काढावे लागले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६२ साली तास कमी करण्याविषयी शिफारस केली, तिच्यात मजुरी कमी न करता ही अट मुद्दाम घातलेली आहे.

दुसरे, दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे घड्याळाच्या वेळेत लिहावे. केवळ ‘सहा तास’ एवढे लिहू नये. इंग्लंडच्या १८४७च्या कायद्याने स्त्रिया व किशोरवयीन मुलांना दहा तासांची मर्यादा दिली, पण ते तास कोणत्या वेळात भरायचे हे बांधून दिले नाही. मालकांनी माणसे आळीपाळीने आत-बाहेर करून सबंध दिवस अडकवून ठेवली, आणि कोणी किती वेळ काम केले हे निरीक्षकाला ठरवताच येईना. १८५० साली कायदा सुधारून काम सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या चौकटीतच करायचे, असे ठरवण्यात आले. त्या बदल्यात दिवस अर्ध्या तासाने वाढला, तरी चौकट पक्की झाली. आज हीच पळवाट फोनमधून येते. सहा तासांनंतर आलेल्या संदेशाला उत्तर देणे बंधनकारक नाही आणि खरोखर तातडीचे असेल तर कोणाला, कोणत्या मोबदल्यावर बोलवायचे, हे लिहिल्याशिवाय दिवस संपला असे म्हणता येत नाही.

तिसरी बाब जादा कामाची. कायद्याने आठ तासांनंतर वाढीव दर लागतो आणि आपला दिवस सहा तासांचा आहे, अशा वेळी सातव्या आणि आठव्या तासाचे काय? साधा दर, वाढीव दर, की बदली सुट्टी? हे ठरले नाही तर ते दोन तास हळूहळू नेहमीचे होतात. माझ्या मते त्यांना वाढीव दरच लावावा, कारण स्वस्त जादा काम असलेल्या ठिकाणी आखूड दिवस टिकत नाही. शिवाय पगार तोच ठेवून तास घटवले की तासाचा दर आपोआप एक-तृतीयांशाने चढतो, म्हणून जादा कामाचा खर्चही त्या प्रमाणात वाढेल, हे अंदाजपत्रकात धरावे. रजा तासांत मोजल्या जात असतील तर त्यांचेही रूपांतर करावे लागते : शिल्लक ८० तास म्हणजे जुन्या हिशेबाने दहा दिवस, नव्या हिशेबाने तेरा दिवसांहून अधिक.

आणि बहुतेक योजनांत जे विसरले जातात, ते म्हणजे पूर्वीपासून अर्धवेळ काम करणारे. एखादी व्यक्ती मुलांच्या किंवा आजारी आप्तांच्या देखभालीसाठी आधीच सहा तास काम करून ७५ टक्के पगार घेत असेल, आणि उद्या शेजारचा सहकारी तेवढ्याच तासांना पूर्ण पगार घेऊ लागला, तर तिच्यावर उघड अन्याय होतो. तिला पूर्ण पगार द्यावा, अथवा त्याच ७५ टक्के पगारावर साडेचार तासांचा पर्याय द्यावा. हा खर्च आधी धरला नाही, तर योजनेविषयीचा पहिला असंतोष येथूनच उठतो.

सहावी पायरी : प्रयोग किती काळ आणि कोणत्या पावलांनी

पहिल्या दोन महिन्यांतील आकड्यांवर भरवसा ठेवू नये. नव्या गोष्टीचा उत्साह त्यांत मिसळलेला असतो. मॅथर यांनी वर्षभर प्रयोग केला, आबे यांनीही वर्षाशी वर्ष ताडले, आणि ऋतूप्रमाणे कामाचा ओघ बदलत असेल तर वर्षाला पर्याय नाही. सहा महिने ही किमान मुदत समजावी.

पावले किती मोठी असावीत, हे पुन्हा कामाच्या जातीवर ठरते. चिली देशाने २०२३ साली केलेल्या कायद्यानुसार आठवड्याचे ४५ तास २०२८पर्यंत टप्प्याटप्प्याने ४० वर येणार आहेत. कोलंबियाने २०२१च्या कायद्याने ४८ वरून ४२ पर्यंत उतरण्याचा असाच जिना बांधला. उपस्थितीच्या कामात हे शहाणपणाचे आहे, कारण माणसे भरती करून शिकवायला वेळ लागतो. हाताच्या आणि अवधानाच्या कामात मात्र अर्ध्या तासाची कपात कोणाच्या लक्षातही येत नाही. जुनीच पद्धत थोडी घाईने चालते आणि काही दिवसांनी तो अर्धा तास जादा काम म्हणून परत येतो. तेथे एक पूर्ण तास एकदम काढावा, म्हणजे कामाची मांडणी बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आखूड दिवसाऐवजी चार दिवसांचा आठवडा असावा का, असाही प्रश्न येतो. ज्यांचा प्रवास लांबचा आहे त्यांना एक संपूर्ण दिवस सुटणे लाभाचे असते. ज्यांना रोज मुलांना शाळेतून आणायचे असते किंवा रोज कोणाची शुश्रूषा करायची असते, त्यांना आठवड्यातून एक मोकळा दिवस तितका उपयोगी पडत नाही. थकव्याच्या बाजूने पाहिले तर रोजचा शेवटचा तास काढणे अधिक सरळ आहे.

फायदा किती आणि कशाचा

बाजू मांडताना फायद्यांविषयी जपून बोलावे, कारण अतिशयोक्ती पकडली गेली की खरा मुद्दाही ऐकून घेतला जात नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतून जमवलेल्या नोंदींचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी २०१४ साली फेरविश्लेषण केले. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते. पुढे वाढ मंदावत गेली, आणि ७० तासांचे उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनापेक्षा जेमतेमच अधिक होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मांडलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. हे आकडे अतिश्रमाविरुद्ध पक्के पुरावे आहेत. आठापेक्षा सहा तास बरे, हे मात्र त्यांतून सिद्ध होत नाही. त्यासाठी आबे, आइसलँड आणि स्वार्टेडालेन यांच्याकडेच जावे लागते, आणि तेथील प्रमुख लाभ म्हणजे कमी आजारपण, ताजेपणा आणि घरच्या जबाबदाऱ्यांशी बसणारा मेळ.

शेवटच्या लाभाची किंमत कोण किती करतो, हे केलॉगच्या कारखान्यात दिसले. दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक विभाग अधिक कमाईसाठी आठ तासांकडे वळत गेला, आणि १९८५ साली सहा तासांची पाळी अखेर बंद झाली तेव्हा ती धरून राहिलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या योजनेत प्रत्येक विभागाला आपले तास मतदानाने बदलण्याची मोकळीक होती. त्यामुळे ती पन्नासहून अधिक वर्षे टिकली, असेही म्हणता येते, आणि त्यामुळेच ती झिजत गेली, असेही.

म्हणून फेरविचाराची तारीख, मत कोणाला आहे, कोणते आकडे कोठवर घसरले तर योजना थांबेल, आणि थांबवायची झाल्यास किती महिन्यांची पूर्वसूचना मिळेल, हे सुरुवातीच्याच कागदावर लिहावे. सहा तासांच्या भरवशावर लोक पाळणाघर बंद करतात, शिकवणी लावतात, दूरचे घर घेतात. रिकाम्या तासांसाठी नव्याने घेतलेल्या माणसांच्या नेमणुकीचे काय होणार, हेही त्यांना रुजू होण्यापूर्वी सांगितलेले असावे.